मालक यायचा आहे

डोळेवाले जेवायला बसले की त्यांची नजर ताटात कमी आणि समोरच्याच्या तोंडावर जास्त असे. पाहुण्याला वाटे, आपल्या मिशीला काहीतरी लागलंय. तो पुसायचा. डोळेवाले बघतच राहायचे. तो पुन्हा पुसायचा. शेवटी त्यांची बायको म्हणायची, "तुम्ही जेवा हो निवांत. ते फक्त तुमचं बुबुळ बघताहेत." त्यानंतर कुणी निवांत जेवल्याचं कुणाला आठवत नाही.

धंदाच तसा होता. अपघातात किंवा आजारात ज्यांचा एक डोळा गेला, त्यांना डोळेवाले उरलेल्या डोळ्याच्या जोडीचा डोळा करून द्यायचे. ऍक्रिलिकचा, पण हाताने रंगवलेला. पांढऱ्या भागावरच्या शिरा म्हणजे लाल रेशमाचे उसवलेले धागे, आणि बुबुळ म्हणजे बारीक ब्रशाने थरावर थर चढवलेला रंग. असा हात बसायला सराव लागतो आणि सरावाला समोर डोळा लागतो. म्हणून जो समोर सापडेल त्याचा डोळा ते मनात टिपून घेत आणि दुपारी कारखान्यात बसून रंगवत. शेजारचा शिंपी, मेव्हणा, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. सगळी दोन्ही डोळ्यांनी ठणठणीत माणसं. डोळा तयार झाला की काळ्या मखमलीवर ठेवून त्याचा फोटो काढायचा आणि आपल्या वेबसाइटवर त्याचं एक पान करायचं. नाव नाही, गाव नाही. नुसतं वर्णन: "उजवा, राखाडी, कडेला काळं वलय." आणि खाली एक ओळ: "मालक यायचा आहे."

हा त्यांचा विनोद आहे, असं सगळे धरून चालले होते.

डोळेवाले वारले आणि कारखाना लेकीकडे आला. लेकीला हात वडिलांचा मिळाला होता, जीभ आईची. जुनी जागा होती तिसऱ्या मजल्यावर आणि आईचे गुडघे होते तळमजल्याचे, म्हणून लेकीने जागा बदलली. जागेबरोबर पाटी बदलली, पाटीबरोबर नाव, आणि नावाबरोबर वेबसाइटचा पत्ताही. हे शेवटचं काम केलं वेबसाइटवाल्याने. हा मध्यमवयीन, गरीब चेहऱ्याचा माणूस. काहीही विचारलं तरी "बघतो" म्हणायचा, त्यामुळे आईने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं होतं: बघतोबुवा.

बघतोबुवांनी एका सकाळीत सगळं हलवलं आणि चहा घेतला. "झालं, ताई. आता जुन्या पत्त्यावर कुणी आलं की आपोआप नव्या पत्त्यावर येऊन पडेल. ह्याला रीडायरेक्ट म्हणतात."

"पडेल म्हणजे लागणार नाही ना कुठे?" आईने विचारलं.

"बघतो," बघतोबुवा म्हणाले.

पुढच्या महिन्यात फोन वाजायचा थांबला. एरवी कुणीही "कृत्रिम डोळा" असं शोधलं की डोळेवाले सगळ्यात वर. आता पहिल्या पानावर चष्म्यांची दुकानं, दुसऱ्यावर डोळे आल्यावर करायचे उपाय, तिसऱ्यावर बाहुल्यांचे डोळे विकणारा एक गृहस्थ. लेक कुठेतरी तळाशी होती, जिथे माणूस फक्त स्वतःलाच शोधत जातो.

आता ह्या धंद्यात गिऱ्हाईक रस्त्याने जाता जाता आत शिरत नाही. डोळा गेलेला माणूस खोलीचं दार लावून एकट्याने शोधतो आणि जे पहिलं सापडेल तिथे जातो. सापडणंच बंद झालं, म्हणजे कारखाना बंद. मग लेकीने चष्म्याच्या एखाद्या मोठ्या दुकानात उभं राहून "ही फ्रेम तुम्हाला खुलून दिसते" असं दिवसभर खोटं बोलायचं. तशी नोकरी तिला सांगूनही आली होती. तिने विचार करून सांगते म्हटलं होतं, आणि विचार करायचा टाळत होती.

बघतोबुवांना बोलावणं गेलं. ते आले, लॅपटॉप उघडला, बराच वेळ मान हलवत बसले.

"चूक माझी आहे. जुन्या साइटला ढीगभर पानं होती, दर डोळ्याला एक. मी सगळ्यांचं तोंड नव्या साइटच्या पहिल्या पानाकडे वळवलं."

"मग? आमच्याकडेच वळवलंस ना?"

"असं बघा. एक अख्खी इमारत रिकामी झाली आणि तुम्ही पोस्टमनला सांगितलं, सगळ्या बिऱ्हाडांची पत्रं आता नव्या इमारतीच्या फाटकात टाक. तो टाकेल थोडे दिवस. मग म्हणेल, इथे कुणी नावानिशी दिसत नाही. म्हणजे ती माणसं उरलेलीच नसणार. सर्च इंजिनाचं तसंच आहे."

"म्हणजे त्याच्या लेखी आम्ही मेलो," आई म्हणाली. ती कोपऱ्यात वाटाणे सोलत बसली होती.

"छे छे, मावशी. फक्त सापडत नाही तुम्ही."

"मेल्यावर आणखी वेगळं काय होतं रे?"

ह्यावर बघतोबुवा बघतो म्हणाले नाहीत. उपाय मात्र त्यांनी सांगितला. जुन्या प्रत्येक पानासाठी नव्या साइटवर त्याच डोळ्याचं पान करायचं आणि जुन्याचं तोंड नेमकं त्याच पानाकडे वळवायचं. मग इंजिनाला पटतं की बिऱ्हाड तेच आहे, फक्त पत्ता बदललाय, आणि जुन्या पानाचं वजन नव्याला मिळतं.

"वजन कसलं?"

"दुसऱ्या लोकांनी आपल्या पानाकडे बोट दाखवलेलं असतं ना, त्याचं. जितकी बोटं, तितकं वजन."

मग दोघं रोज बसू लागले. लेक वर्णन वाचायची, बघतोबुवा पान करायचे. करता करता त्यांच्या हाती एक चमत्कारिक गोष्ट आली. जुन्या साइटच्या वेळोवेळच्या प्रती कुठेतरी साठवून ठेवलेल्या होत्या. आज ज्या पानांखाली "मालक आला" असं होतं, त्यांतल्या कितीतरी पानांच्या जुन्या प्रतीत होतं, "मालक यायचा आहे."

"हा राखाडी डोळा शेजारच्या शिंप्याचा," लेक म्हणाली. "मला आठवतंय, बाबांनी बसवला होता. पण ह्या प्रतीची तारीख तर त्याचा डोळा जायच्या आधीची आहे. तेव्हाचा फोटो कसा असेल?"

"आधीच केला होता म्हणून," आई म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. आईने शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले.

"तुझ्या मामाचाही आधीच केला होता. त्या ड्रायव्हरचाही. शिंप्याला तर त्यांनी बजावलंसुद्धा, बाबा रे, सुई जपून. आधी हसला मेला. मग मात्र असा घाबरला की सुई हातभर लांब धरून शिवायचा. लोकांच्या बाह्या वेगवेगळ्या लांबीच्या व्हायला लागल्या. आणि डोळा गेला कशाने? सुईला कंटाळून बागेत फिरायला गेला, तिथे वाऱ्याने फांदी आली. तेव्हापासून ह्यांनी कुणाला सांगणं सोडलं. म्हणायचे, मला काही कळत नाही गं, हाताला कळतं."

बघतोबुवा मोठ्याने हसले. हसून पाहिलं तर बाकी कुणी हसत नव्हतं, म्हणून त्यांनी ते हसणं खोकल्यात संपवलं.

शेवटी एकच पान उरलं. "डावा, तपकिरी, सातच्या जागी हिरवा ठिपका. मालक यायचा आहे." ह्या धंद्यात बुबुळावरची जागा घड्याळाच्या तबकडीवर सांगतात, तेवढाच सातचा अर्थ. पण बघतोबुवांचा चेहरा उतरला.

"ताई, सगळी बोटं ह्याच पानाकडे आहेत. कुणीतरी कधी लिहिलं, मालकाची वाट बघणारा डोळा म्हणून. मग दुसऱ्याने लिहिलं, तिसऱ्याने. लोक अजून येऊन बघून जातात, मालक आला का. ह्या एका पानावर तुमचा अख्खा कारखाना उभा आहे म्हणा ना."

"मग कर की ह्याचंही पान, बाकीच्यांसारखं."

"केलं होतं. इंजिन घेत नाही. का ते माझ्या डोक्याबाहेर आहे. बाकीच्यांचे मालक आलेत, ह्याचा नाही, एवढाच फरक दिसतो." ते नवी साइट वर-खाली करू लागले. "साइटवर आधीच असलेलं, ह्याच्याशी जुळणारं एखादं पान मिळालं तर..."

ते थांबले. पडद्यावर "आमच्याविषयी" हे पान होतं, आणि त्यात लेकीचा मोठा फोटो. बघतोबुवांनी फोटो पाहिला, मग लेकीकडे पाहिलं.

"ताई, जरा उजेडात येता?"

"काहीतरीच काय. माझा ठिपका पाचला आहे. रोज बघते मी."

"रोज आरशात बघता. समोरून सातला दिसतोय."

दुसऱ्यांच्या बुबुळांत आयुष्य काढलेल्या बाईने स्वतःचं बुबुळ मात्र नेहमी उलटंच पाहिलं होतं. आई शेंग सोलत होती. शेंग केव्हाच रिकामी झाली होती.

लेकीने कपाटातून तो डोळा काढला. तळहातावर ठेवला. काम निर्दोष होतं. हिरव्या ठिपक्यात बाबांनी पिवळ्याची एक छटा दिली होती, जी तिला स्वतःला कधी दिसली नव्हती. डोळा तिच्याकडे बघत होता, अगदी शांतपणे, जसं स्टेशनवर लवकर आलेलं माणूस गाडीची वाट बघतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डाव्या नजरेच्या कडेला कुणीतरी दारात उभं असल्यासारखी सावली आली. तिने वळून पाहिलं, दार मोकळं होतं. संध्याकाळपर्यंत ती सावली दारातून आत आली होती. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि सगळं उत्तम आहे म्हणाले. वर कौतुकाने म्हणाले, "तुमच्या बुबुळात फार सुरेख ठिपका आहे हो."

"पान पुसून टाक," तिने बघतोबुवांना सांगितलं.

"पुसलं तर वजन गेलं. कारखाना गेला."

"आणि माझ्या पानाकडे वळवलं तर?"

"तर बहुतेक महिन्या-दोन महिन्यांत पहिल्या नंबरला याल. इंजिनाला कळेल की ह्या डोळ्याच्या मालक तुम्ही. एवढंच." "एवढंच" म्हणताना त्यांचा आवाज जरा बारीक झाला. "म्हणजे... ते यंत्र आहे, ताई. त्याला काय कळतंय."

"मग दाब तू कळ."

बघतोबुवांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

लेक त्या दिवशी खूप बोलली. डोळा गेला तर रंग कसे जुळवू, एका डोळ्याने अंतर समजत नाही, ब्रश कुठे टेकतोय ते कळत नाही. म्हणजे पान ठेवलं तरी कारखाना गेला आणि पुसलं तरी गेला. पुसल्यावर निदान डोळा तरी राहील. राहील का? शिंप्याचा राहिला नव्हता. तरी शेवटी बघतोबुवांना पुसच म्हणून सांगून ती उठली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या डॉक्टरकडे किती वेळ लागेल तुला?"

दुसऱ्या दिवशी लेक बाहेर पडली आणि आईने बघतोबुवांना चहाला बोलावलं. ठेवणीतले कपडे घालून ती खुर्चीत ताठ बसली होती.

"माझा फोटो काढ. साइटवर माझं एक पान कर. आणि तो डोळा माझ्याकडे वळव."

"मावशी, तुमचा डोळा साधा तपकिरी आहे. ठिपका कुठाय?"

"तुझं इंजिन तू सांगशील ते ऐकतं ना?"

"आधी ऐकतं. मग पडताळून बघतं."

"मला पडताळून बघायला तुझं इंजिन अजून जन्माला यायचंय. वळव."

बघतोबुवांनी चहाचा कप खाली ठेवला. "तात्पुरतं वळवू की कायमचं?"

"फरक काय?"

"तात्पुरतं म्हणजे आज इथे आहे, पण खरा पत्ता जुनाच समजायचा. वजन जुन्याकडेच. कायमचं म्हणजे आता हाच पत्ता, जुना विसरा. मग वजन पुढे येतं. पण मावशी, कायमचं केलं की वर्षभर तरी हात लावायचा नाही. मध्येच काढलं, तर सगळं परत जुन्या ठिकाणी."

"कायमचं," आई म्हणाली. "आणि चहा गार करू नकोस."

अशा गोष्टी लगेच होत नाहीत. इंजिन येतं, बघतं, जातं, पुन्हा येतं. काही दिवस शोधात मखमलीवरचा डोळाच वर दिसत होता. मग एकदा डोळा आणि आईचा फोटो एकमेकांखाली दिसू लागले. त्या सुमाराला लेकीच्या नजरेतली सावली आतून निघून दारात गेली. मग दारातूनही गेली. लेकीला वाटलं, डॉक्टरांच्या थेंबांचा गुण. फोन वाजू लागला. एक गायिका आली, एक सुतार आला, एक बाप आपल्या लहान मुलीला घेऊन आला. चष्म्याच्या दुकानाला लेकीने आनंदाने नकार कळवला. पान पुसलंय, तरी आपण वर कशा, हे तिने बघतोबुवांना विचारलं. त्यांनी "बघतो" म्हटलं आणि बरेच दिवस तोंड दाखवलं नाही.

आई अलीकडे चहा कपात ओतताना शेजारच्या बशीत ओतू लागली होती. विचारलं तर म्हणायची, "बशीने काय घोडं मारलंय?"

एका दुपारी गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणालं, "त्या आजी इथेच असतात का? डोळ्यावाल्या?" गिऱ्हाईक गेल्यावर लेकीने शोधून पाहिलं. पहिल्या नंबरला आई होती. ठेवणीतल्या कपड्यांत, ताठ, जरा रागावलेली. खाली एक ओळ होती: "मालकीण आली आहे."

"आई!"

"ओरडू नकोस. ऐकू येतं मला. ते अजून माझ्याकडेच आहे."

"काढ ते. आत्ताच्या आत्ता त्याला फोन लाव."

"काढलं की परत तुझ्याकडे येईल. विचारलंय मी सगळं."

"तुला कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? मला दोन डोळ्यांनी बघायचं काय राहिलंय सांग? टीव्हीवर तीच ती माणसं. एक डोळा तुझ्यावर ठेवायला पुरतो."

लेक तिच्या समोर बसली आणि तिने आईची उजवी पापणी हाताने झाकली. "किती बोटं?" आईने मान जरा पुढे काढली. मग म्हणाली, "तू काय तीनच धरणार. लहानपणापासून तीनच धरतेस." आणि चुकली. लेकीने एकही बोट धरलं नव्हतं.

डॉक्टरांनी बऱ्याच लांब नावाचं कारण दिलं. हिवाळ्यात तो डोळा काढावा लागला. आई इस्पितळात अशी वागली, जणू दुसऱ्या कुणाला भेटायला आली आहे. नर्सना लग्नाच्या जोड्या जुळवायचे सल्ले देत होती. लेक मात्र रात्रंदिवस दुसरा डोळा रंगवायच्या मागे होती. साधा तपकिरी, आईच्या उजव्याच्या जोडीचा. तो काही केल्या जमेना. हात थरथरत नव्हता, रंग चुकत नव्हता, पण सुकल्यावर पाहिलं की बुबुळ मेलेलं दिसायचं.

जखम भरली तेव्हा आई कारखान्यातल्या उंच खुर्चीत बसली आणि म्हणाली, "तो आण. उगाच रंग वाया घालवू नकोस."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डोळ्याची पुढची बाजू बघून रंगवता येते, पण मागची बाजू खोबणीच्या आकाराची लागते. त्यासाठी खोबणीत मऊ मेण भरून ठसा घ्यावा लागतो, आणि प्रत्येकाची खोबण वेगळी. आधीच करून ठेवलेला डोळा कुणाला जसाच्या तसा बसणं शक्य नाही. शिंप्याला बसवताना बाबा अख्खी दुपार घासत होते. म्हणून लेकीने कानस, पॉलिशचं चाक, मेणाची वाटी सगळं मांडून घेतलं. नुसतं किती घासावं लागेल ते पाहावं, म्हणून तिने आईची पापणी उचलली आणि हिरव्या ठिपक्याचा तो डोळा आत सरकवला.

तो बसला. कुठे टोचला नाही, कुठे फट राहिली नाही. पापणी त्याच्यावर मिटली आणि उघडली.

लेकीचे हात तसेच हवेत राहिले.

"बसला?" आईने विचारलं.

"बसला," लेक म्हणाली. "आई, हा मुळातच तुझ्या मापाचा केलाय."

"मग?"

"रंग माझा आणि माप तुझं. म्हणजे बाबांना आधीच..."

"चाळीस वर्षं संसार केला त्यांनी माझ्याशी," आई म्हणाली. "मी काय करणार, हे त्यांना कळायचं नाही होय?"

ती खुर्चीतून उतरली. एका बाजूने तिचा स्वतःचा डोळा लेकीकडे बघत होता, आणि दुसऱ्या बाजूने लेकीचा. बाहेर बेल वाजली. कुणीतरी लांबून शोधत आलं होतं. आई दाराकडे निघाली, डावीकडच्या स्टुलाला अडखळली, त्याला एक शिवी हासडली आणि म्हणाली, "तू हात धू. मी उघडते."